मास्तरांची नळी: ७४ वर्षांच्या धमनीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यात फोंडा तालुक्यात माझं क्लिनिक आहे, मी एमडी मेडिसिन, हार्टचा स्पेशालिस्ट नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे अँजिओ (हृदयाच्या नळ्यांचा फोटो), बलून, स्टेंट (नळी उघडी धरणारी जाळी) असं बरंच येणार आहे आणि त्यातलं काहीच मी माझ्या हाताने केलेलं नाही. मी पाठवणारा आणि नंतर सांभाळणारा. पेशंटची ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदललेत आणि गावाचं नाव घेत नाही.

मास्तर, वय ७४. मराठी शाळेत आयुष्यभर शिकवलं, रिटायर झाल्यावर पूर्ण वेळ कुळागर. पोफळी, माड, मिरीचे वेल, थोड्या केळी, वर डोंगराच्या कुशीत झर आणि तिथून खाली येणारा पाट. घर खाली, झर वर, मधे शंभरेक दगडी पायऱ्या आणि पुढे नुसती पायवाट. रोज सकाळी वर जाऊन पाटाचं पाणी वळवायचं हा नेम, पाऊस असो की ऊन. विडी-सिगारेट कधी नाही, पान-सुपारी आहे. बीपी पंधरा वर्षांपासून, त्यावर अ‍ॅम्लोडिपिन ५ ची एक गोळी. शुगर थोडी वर, एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ६.९. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.३, जे त्या वयाला वाईट म्हणता येत नाही पण डाय, म्हणजे नळ्या फोटोत दिसाव्यात म्हणून सोडायचं आणि किडनीला जड जाणारं औषध, द्यायची वेळ आली की डोळ्यात भरतं.

चवथीच्या आधल्या आठवड्यात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान जमवायला रानात गेले, आंबाडे, तोरंजन, काय काय ते, आणि चढावर छातीवर कुणी रगडा ठेवल्यासारखं झालं. बसले, पाच मिनिटांत गेलं. घरी बोलले नाहीत, चवथ मोडायची नव्हती. गणपती विसर्जन झाल्यावर काकूंनी त्यांना धरूनच माझ्याकडे आणलं. तोवर असं चार-पाच वेळा झालं होतं, दर वेळी चढावर, दर वेळी थांबलं की बरं.

ईसीजीत डावा कप्पा जाड झाल्याच्या खुणा, ट्रोपोनिन निगेटिव्ह, म्हणजे अटॅक नाही. इकोत पम्पिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल, हृदयाची भिंत जाड, सैल व्हायला वेळ घेणारी. बीपी १७८/७२. आणि एक गोष्ट, जी मी त्या दिवशी हाताला जाणवूनही कागदावर लिहिली नाही: मनगटाची नाडी. बोटाखाली ती पेन्सिलीसारखी फिरत होती. बीपीचा पट्टा फुगवून रक्त बंद केलं तरी नळी हाताला लागत होती. तरुण माणसाची धमनी रक्त थांबलं की बसते, हाताला लागत नाही.

पहिली चूक, माझीच

१७८ बघितलं आणि मी १७८ च्या मागे लागलो. अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू केलं ते बरोबरच होतं, पण बीपीसाठी जुन्या गोळीवर टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ एकदमच लावली. तीन आठवड्यांनी १३४/५४. मी खूश. मास्तर म्हणाले, "दोतोर, आकडा बरो झालो खरा, पण मी वायट झालो." आधी साठाव्या पायरीला दुखायचं ते आता तिसाव्या पायरीला, आणि सकाळी उठताना डोळ्यांपुढे काळोखी. उभं करून बीपी घेतलं तर ११२/५०. उभं करून घ्यायचं मला पहिल्यांदा सुचलं ते तेव्हा.

आता इथे जरा थांबतो, कारण सगळ्या प्रकरणाचं मूळ इथेच आहे आणि मी ते पुस्तकात वाचलेलं असूनही विसरलो होतो.

महाधमनी तरुण असते तेव्हा हृदयाने फेकलेलं रक्त घेताना ती फुगते आणि हृदय विश्रांती घेत असताना परत आकसून ते पुढे ढकलते. म्हणजे वरचा आकडा फार चढत नाही आणि खालचा फार पडत नाही. म्हातारपणी ती फुगतच नाही. मग ठोक्याला दाब वर उडतो आणि ठोका संपला की खाली कोसळतो. म्हणून पन्नास-साठीनंतर लोकांचा वरचा आकडा चढत जातो आणि खालचा आपसूक उतरतो, आणि आपण "खालचा नॉर्मल आहे ना" म्हणून समाधान मानतो. मास्तरांचा १७८/७२, म्हणजे दोन्हीत १०६ चं अंतर. त्या अंतरातच निदान होतं.

आणि हृदयाचं स्वतःचं रक्त? डाव्या कप्प्याला ते मुख्यतः हृदय सैल असताना मिळतं, कारण ठोक्याच्या वेळी स्नायू स्वतःच आपल्यातल्या बारीक नळ्या दाबून धरतो. म्हणजे कोरोनरीत, हृदयाला रक्त देणाऱ्या नळीत, रक्त ढकलणारा दाब खालच्या आकड्यातून येतो, आणि मी नेमका तोच ५४ वर आणला. आधीच अरुंद नळी, तिच्या वरच्या टोकाला दाब कमी, खाली जाड झालेला भुकेला स्नायू. तिसाव्या पायरीला दुखलं नसतं तरच नवल.

याचा अर्थ म्हाताऱ्यांचं बीपी कमी करू नये असा कुणी काढू नका. ऐंशीच्या वरच्या माणसांवर झालेल्या हायव्हेट ट्रायलने २००८ मध्ये दाखवलंय की औषधाने मृत्यू कमी होतात, तिथे टार्गेट होतं १५०/८०. चूक औषध दिल्याची नव्हती. चूक घाईची, दोन नव्या गोळ्या एकदम लावल्याची, आणि वरचाच आकडा बघितल्याची. क्लोरथॅलिडोन बंद केली, टेल्मिसार्टन ठेवली, बिसोप्रोलोल अगदी कमी डोसने चालू केली. ठोके हळू पडले की दोन ठोक्यांमधला विसावा लांबतो, म्हणजे कोरोनरीला भरायला वेळ मिळतो. दोन आठवड्यांत १४४/६४, उभं राहून १३६. काळोखी गेली. छातीचं दुखणं परत साठाव्या पायरीवर गेलं, पण थांबलं नाही.

नळीच्या भिंतीत काय झालं होतं

मास्तरांना हे सगळं समजून घ्यायचं होतं, शिक्षक माणूस, "ब्लॉक आहे" एवढ्यावर गप्प बसणारा नव्हे. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

कोरोनरीच्या भिंतीला तीन थर. आतला इंटिमा, मधला मीडिया, बाहेरचा अ‍ॅडव्हेंटिशिया. जन्माला येतो तेव्हा इंटिमा म्हणजे पेशींचा जेमतेम एक पदर. पण माणसाच्या कोरोनरीत तो लहानपणापासूनच जाड व्हायला लागतो, चरबी-कोलेस्टेरॉल नंतरची गोष्ट. कोरियन युद्धात मेलेल्या सैनिकांच्या शवविच्छेदनाचा १९५३ चा प्रसिद्ध अभ्यास आहे, सरासरी वय २२, आणि ७७ टक्के पोरांच्या कोरोनरीत काही ना काही बदल दिसला होता. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रियात ग्राझच्या होल्झाफेल आणि मंडळींनी २००५ मध्ये म्हाताऱ्या माणसांच्या १३ हृदयांतल्या कोरोनरी घेतल्या, तिन्ही थर वेगळे सोलले आणि एकेक ओढून बघितला. इंटिमा भिंतीच्या जाडीचा पाव हिस्सा झालेला, आणि तिघांत सगळ्यात ताठ. म्हणजे ज्याला आपण नुसतं अस्तर समजत होतो ते म्हातारपणी भार घेणारा थर होऊन बसतं.

मग इलास्टिन. हे भिंतीतलं रबर. ते बनतं आईच्या पोटात आणि लहानपणी, नंतर शरीर ते नव्याने नीट बनवतच नाही, आहे तेच जन्मभर वापरायचं. टिकाऊ इतकं की अर्धं व्हायला चाळीसच्या वर वर्षं लागतात. पण मिनिटाला ७० ठोके धरा, दिवसाला एक लाख, ७४ वर्षांत अडीचशे कोटींच्या वर. दर ठोक्याला नळी फुगते, आणि कोरोनरी तर हृदयाच्या अंगावरच बसलेली म्हणून वर वाकते आणि पिळलीही जाते. इलास्टिनचे पदर तुटत जातात.

रबर तुटलं की भार कोलॅजनवर. कोलॅजन म्हणजे काथ्याचा दोर, सैल असेपर्यंत ओढला तर सहज येतो आणि एकदा ताणला की तसूभर हलत नाही. तरुण नळीत रोजच्या दाबाला हा दोर सैलच असतो, काम रबर करतं. म्हाताऱ्या नळीत रोजच्याच दाबाला दोर ताणलेला. शिवाय कोलॅजन वाढतं, आणि रक्तातली साखर वर्षानुवर्षं त्याच्या धाग्यांना चिकटून एकाला दुसऱ्याशी सांधत जाते. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत उंड्याची साल तांबूस आणि कडक होते ना, रसायनशास्त्राच्या हिशेबाने त्याच घराण्यातली प्रक्रिया, फक्त इथे भट्टी ३७ डिग्रीची आणि वेळ सत्तर वर्षांचा. शुगर असली की हे लवकर.

शेवटी कॅल्शियम. मीडियातल्या स्नायूपेशी कमी होतात, उरलेल्यांपैकी काही हाडाच्या पेशींसारखं वागायला लागतात, आणि भिंतीत जे साठतं ते हाडातलंच खनिज. काकूंनी लगेच विचारलं, मग यांचं दूध बंद करू? नको. दूध बंद करून भिंतीतलं कॅल्शियम निघत नाही, उलट हाडं जातील.

मास्तरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे विरी, झावळीच्या देठाचं ते रुंद पात. पोफळीची विरी ओली असताना वाटेल तशी वाकवा, द्रोण करा, चैत्रात वाळलेली उचललीत तर कडकन् मोडते. अगदी बरोबर. मग त्यांचा पुढचा प्रश्न, जो मला आला नसता: "पण वाळलेली विरी पाण्यात भिजत घातली की परत वाकते. ही का वाकत नाही?" कारण विरीतून फक्त पाणी गेलेलं असतं. नळीतलं रबर तुटलंय, दोर एकमेकांना चिकटलेत आणि मधे चुना भरलाय, इथे भिजवायला काही उरलेलंच नाही. ते गप्प बसले. मला वाटतं त्या दिवशी त्यांना त्यांचा आजार माझ्यापेक्षा जास्त कळला.

सीटी, आणि बंगळूरचा फोन

गुडघ्यांमुळे ट्रेडमिल टेस्ट जमणार नव्हती. मुलगा बंगळूरला आयटीत, त्याने फोनवर सांगितलं, डॉक्टर, सीटी अँजिओ करून घ्या, सुई-वायर काही नको. मला पण सोपं वाटलं. कॅल्शियम स्कोअर, म्हणजे नळ्यांच्या भिंतीतल्या चुन्याचा आकडा, आला ११४०. चारशेच्या वर म्हणजे भरपूर, इथे तर त्याच्या जवळजवळ तिप्पट. खरं तर साध्या स्कॅनचा हा आकडा आल्यावर तिथेच थांबायला हवं होतं, डाय देऊन पुढचा फोटो काढायचाच नव्हता, पण पॅकेज एकच, टेबलावर माणूस झोपलेलाच, झालं करून.

रिपोर्टमध्ये आलं, डावीकडून हृदयाच्या पुढच्या बाजूने खाली उतरणाऱ्या मोठ्या फांदीत, म्हणजे एलएडीत, मधल्या भागात ८० ते ९० टक्के अरुंदपणा, पण कॅल्शियममुळे खात्रीने सांगता येत नाही. सीटीत चुना चकाकतो आणि खऱ्याहून मोठा दिसतो, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा हेडलाइट जसा अख्खा रस्ता खातो तसा. म्हणजे ८० टक्के हे कदाचित ५५ असू शकतं. हे रिपोर्टच्या चौथ्या ओळीत होतं. मुलाने पहिली ओळ वाचली आणि रात्री साडेदहाला फोन: "नव्वद टक्के ब्लॉक असताना बाबा घरी कसे?"

सगळ्या प्रकरणात ही गोष्ट मला सारखी सतावते. टक्का हा पोकळीचा आकडा आहे, भिंतीबद्दल तो काहीच सांगत नाही. ग्लागॉव्ह नावाच्या संशोधकाने १९८७ मध्येच दाखवलं होतं की भिंतीत माल साठताना नळी आधी बाहेरच्या बाजूला फुगते, आणि साठा जवळपास ४० टक्के जागा खाईपर्यंत पोकळी तशीच राहते. म्हणजे मास्तरांची पोकळी अरुंद व्हायला लागली त्याआधी कित्येक वर्षं भिंत बदलत होती. पण घरात चर्चा फक्त नव्वदची.

पर्याय काय होते

मुलगा आला, आयतारी क्लिनिक बंद असताना आम्ही चौघं बसलो. तीन रस्ते होते.

नुसती औषधं. स्थिर दुखणं असलेल्या पाच हजारांवर पेशंटवर झालेल्या इस्किमिया ट्रायलमध्ये, २०२० ला छापून आली ती, आधीच अँजिओ-स्टेंट-बायपास करून मृत्यू किंवा अटॅक कमी झाले असं दिसलं नाही. दुखणं मात्र कमी झालं. हे मुलाला पटवायला मला एक तास लागला, कारण "ब्लॉक काढला की अटॅक टळला" हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. मास्तरांना पटायला दोन मिनिटं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता, झरीपर्यंत जाता येईल का.

स्टेंट. दुखण्यासाठी उपयोगी, पण चुन्याने भरलेल्या नळीत स्टेंट पूर्ण उघडेल याची खात्री नाही.

बायपास. इथे एक मजेची गोष्ट आहे. छातीच्या आतल्या बाजूची एक धमनी, इंटर्नल मॅमरी, तीच एलएडीला जोडतात. तीही ७४ वर्षांचीच, तेच रक्त, तीच शुगर, तोच दाब. पण तिच्यात असा साठा फारसा होतच नाही, तिच्या भिंतीतले इलास्टिनचे पदर जास्त सलग असतात हे त्याचं एक कारण. म्हणजे वय एकच असलं तरी सगळ्या नळ्या सारख्या म्हाताऱ्या होत नाहीत. तरीपण छाती उघडणं ते उघडणं. मास्तर म्हणाले, एका नळीसाठी एवढं नको.

ठरलं ते असं: दोन महिने औषधं नीट, बिसोप्रोलोल थोडं वाढवून, नळ्या सैल करणारं नायट्रेट जोडून, तरी झर गाठता आली नाही तर अँजिओ आणि नळीतला दाब मोजून मगच पुढचं. घाई नाही हे ठरवणं हाच खरा निर्णय होता, आणि तो मास्तरांनी घेतला.

दोन महिन्यांत बराच फरक पडला, साठाव्या पायरीवरून ऐंशीपर्यंत. पण वर पोचायला तीनदा थांबावं लागायचं आणि नायट्रेटने डोकं दुखायचं. जानेवारीत ते स्वतःच म्हणाले, चला.

पहिला प्रयत्न: बलून फुगला नाही

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. स्वास्थ्य योजनेच्या कार्डात काय बसतं, खिशातून किती, हा हिशेब दोन दिवस चालला, तो सगळ्या गोंयकारांना माहीत आहे.

उजव्या मनगटातून वायर घातली तर खांद्याजवळ नळी इतकी वळणावळणाची की कॅथेटर पुढे जाईना. हेही वयच. तरुण धमनी लांबीच्या दिशेनेही ताणलेली असते, वीणेच्या तारेसारखी. इलास्टिन गेलं की तो ताण जातो, नळी लांब पडते आणि मग तेवढ्याच जागेत मावायला नागमोडी होते. शेवटी मांडीतून गेले. अँजिओत एलएडीचा अरुंदपणा ७० च्या आसपास, सीटीने सांगितला तेवढा नाही. पण नळीत वायर घालून दाब मोजला तर अडथळ्याच्या पलीकडे तो अलीकडच्या दाबाच्या ०.७४ पटच, आणि ०.८० किंवा त्याखाली म्हणजे खरंच रक्त कमी पडतंय. पेशंटची तक्रार आणि आकडा जुळले. उजवी नळी ४० टक्के, सोडून दिली.

मग तिथेच, त्याच टेबलावर, बलून. अडीच मिलिमीटरचा कडक बलून, २० अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत नेला. गाडीच्या टायरमधे जेवढी हवा असते त्याच्या आठ-नऊ पट दाब. स्क्रीनवर बलूनची दोन्ही टोकं फुगली आणि मधे कंबर तशीच, डमरूसारखी. मी काचेपलीकडे उभा होतो. अजून दाब वाढवायचा की थांबायचं? वाढवला तर एक तर बलून फुटतो, नाहीतर चुन्याची कडा आणि मऊ भिंत जिथे भेटतात तिथे नळी फाटते. आणि फाटली नाही तरी मोह हा की कंबरेवरच स्टेंट टाकून मोकळं व्हावं, नंतर बघू. पण स्टेंट एकदा न उघडलेल्या नळीत बसला की त्याला बाहेर काढता येत नाही आणि त्याच्या मागचा चुना फोडणं अजून कठीण, पुढे तिथेच गुठळी व्हायची किंवा परत बंद व्हायची भीती.

त्या कार्डिऑलॉजिस्टने हात वर केले. "स्टेंट नाही. उद्या परवा नाही. तयारीने परत." मुलगा बाहेर भडकला, पैसे गेले, काम अर्धवट. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निर्णय.

दुसरी बैठक

तीन आठवड्यांनी, किडनी पूर्वपदावर आल्याची खात्री करून, सलाइन चढवून. या वेळी आधी ओसीटी केली, म्हणजे नळीच्या आत प्रकाशाचा बारीक कॅमेरा घालून भिंतीचा आडवा छेद बघायचा. साधी अँजिओ म्हणजे पाटातलं पाणी बघणं, ओसीटी म्हणजे पाटाचा काठ खणून बघणं. चुना नळीच्या भोवती ३०० अंशांत, जाडी ०.९ मिलिमीटर, लांबी १२. जाडी ०.५ च्या वर, लांबी ५ च्या वर आणि घेर १८० अंशांच्या वर असला की स्टेंट नीट उघडत नाही असं मानतात, इथे तिन्ही. जवळजवळ बांगडीच. बांगडीला मऊ बाजूच नाही, म्हणून बलूनने ती वाकेना.

आता ती फोडायची कशी? एक म्हणजे रोटा, हिऱ्याची कणी लावलेला बारीक गोळा मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेत चुना आतून घासत जातो. दुसरं, शॉकवेव्ह. किडनी स्टोन फोडतात त्याच तत्त्वाचं, बलूनमधल्या पाण्यात ठिणगी पडते, लाट उठते, मऊ भिंतीतून निघून जाते आणि कडक चुन्यात तडा पाडते. रोटा आतला पृष्ठभाग घासतो, खोल चुन्याला फारसा पोचत नाही. इथे चुना जाड आणि खोल, आणि मधून वायर-बलून जायला जागा होती, म्हणून शॉकवेव्ह निवडली. जागाच नसती तर आधी रोटा लागला असता.

बलून फक्त ४ अ‍ॅटमॉस्फिअरला, आधीच्या २० च्या मानाने काहीच नाही. दहा-दहा झटके, सेकंदाला एक. मॉनिटरवर त्या तालात मधे मधे एक्स्ट्रा ठोके उमटत होते, ते अपेक्षित असतं. मास्तर जागे, वर छताकडे बघत. पाचव्या फेरीनंतर कंबर सुटली. स्क्रीनवर ती हळूहळू सरळ झाली आणि खोलीत कुणीच काही बोललं नाही. परत ओसीटी: बांगडीला तीन ठिकाणी तडे, एक पार बाहेरपर्यंत. मग तीन मिलिमीटरचा औषधी स्टेंट, मग कडक बलूनने परत दाबून, परत ओसीटी. पूर्ण उघडलेला.

निकाल

क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी १.६, दोन आठवड्यांत १.४ वर स्थिर. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या, सहा महिने, मधे हिरड्यांतून थोडं रक्त यायचं, सहा महिन्यांनी क्लोपिडोग्रेल बंद केली. नायट्रेट बंद. बीपी १४०/६२ च्या आसपास, आणि मी तिथेच ठेवलंय.

छातीवरचा रगडा गेला. पण दम अजून लागतो, आणि हे आधीच नीट सांगितलं नव्हतं म्हणून घरच्यांचा थोडा हिरमोड झाला. स्टेंटने तीनेक सेंटिमीटर नळी उघडली, बाकीची नळी, तिच्या खालच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या, महाधमनी आणि हृदयाचा जाड स्नायू, हे सगळं ७४ वर्षांचंच राहिलं. झरीपर्यंत जाताना आधी तीनदा थांबायचे, आता एकदा.

आज परत आले तर

उभं करून बीपी पहिल्याच दिवशी. आता माझ्या केसपेपरवर दोन आकड्यांमधलं अंतर वेगळं लिहितो, साठच्या वर गेलं की लाल पेनाने. एका वेळी एकच नवी गोळी, दोन आठवड्यांनी परत भेट. नाडी पेन्सिलीसारखी लागली की तसं लिहायचं, कारण पुढच्या माणसाला आधीच कळतं की काय प्रकारची नळी येतेय. आणि अशा पेशंटला डायवाला सीटी नाही, डोब्युटामिनची, म्हणजे औषधाने हृदयाला पळवून केलेली, स्ट्रेस इको किंवा न्यूक्लिअर स्कॅन, म्हणजे पोकळी किती यापेक्षा स्नायूला रक्त पुरतं का हे कळेल, किडनीवरचा एक भार टळेल आणि रात्री साडेदहाचा फोनही. स्कोअर ११४० माहीत असताना पहिल्या अँजिओतच ओसीटीची आणि शॉकवेव्हची तयारी हवी होती, म्हणजे एकाच बैठकीत झालं असतं. ते कार्डिऑलॉजिस्टनेही नंतर मान्य केलं, मी पण चिठ्ठीत ठळक लिहिलं नव्हतं.

आणि घरच्यांना आधीच सांगायचं की कॅल्शियमचा स्कोअर परत काढायचा नसतो. हे राहिलं. मे महिन्यात मास्तर महिनाभर बंगळूरला गेले, मुलाने हौसेने परत सीटी करून घेतली. १२९०. रात्री अकराला फोन. स्टॅटिनने भिंतीतला मऊ माल कमी होऊन चुना घट्ट होतो, स्कोअर चढू शकतो, आणि ते वाईट नाही, आणि धातूचा स्टेंट आत असताना तो आकडा तसाही धरायचा नसतो, हे सगळं त्याला सांगत असताना मागून मास्तरांचा आवाज आला. त्याला विचारत होते, गावात पाटाचं पाणी कोण वळवतंय ते विचार म्हणून.